माझ्या नवऱ्याची प्रवेशबंदी

दुपारी लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवत होते, तेव्हा फोन आला. पलीकडे मार्केट यार्डातले खजुराचे व्यापारी होते. त्यांच्याकडे माझा नवरा परदेशी पत्रव्यवहार बघायला जात असे. "वहिनी, साहेबांना चौकीवर नेलंय," ते म्हणाले. "घाबरू नका, पण लगेच या."

मी खरंच घाबरले नव्हते. चौकी म्हणजे काहीतरी बाचाबाची असेल, कुठल्या टेम्पोचा धक्का लागला असेल, असं वाटलं. रिक्षा स्वारगेटपाशी आली तेव्हा एकदम आठवलं, त्याच्या पासपोर्टची मुदत संपून गेली आहे. मग मात्र रिक्षावाल्याला म्हणाले, जरा जोरात घ्या.

माझा नवरा सुदानचा. त्या काळी पुण्यात त्याच्या देशाचे बरेच विद्यार्थी असत. हा औषधनिर्माणशास्त्र शिकायला आला होता. कावीळ झाली म्हणून रक्त तपासायला आमच्या लॅबमध्ये आला, तेव्हा त्याला मराठीतली दोनच वाक्यं येत होती: "सुट्टे नाहीत" आणि "पुढे चला". दोन्ही तो बसमध्ये शिकला होता. बरा झाल्यावरही येत राहिला. आमच्या डॉक्टरीणबाई एकदा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "याची कावीळ केव्हाच उतरलीये. आता कसली तपासणी चाललीये?" मी पुढच्या बाटलीवर लेबल चिकटवलं.

आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आई तोवर गेली होती. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, पेठेतल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरांना आफ्रिका दाखवायला मला नकाशा लागायचा. तुझी सोय जास्त चांगली आहे." एवढं बोलून पेपर उघडला. लग्नाला आले नाहीत. संबंध तोडले असंही नाही. सणावाराला मी जायची, जेवायची, आणि नवऱ्याचा विषय दोघंही काढत नसू. आमच्या कर्वेनगरच्या घरी मात्र ते कधी आले नाहीत. लेक झाली तेव्हा दवाखान्यात येऊन तिला पाहिलं, "केस छान आहेत" म्हणाले आणि निघून गेले.

त्याच सुमारास नवऱ्याच्या देशात सरकार बदललं. नव्या पासपोर्टसाठी दिल्लीच्या वकिलातीत केलेला अर्ज कुठेतरी अडकून पडला. पासपोर्ट नाही म्हणून व्हिसा वाढेना, आणि व्हिसा नाही हे सांगायला आम्ही कुठे गेलोही नाही. आम्ही दोघंही शिकलेली माणसं. पण लग्न झालं म्हणजे तो इथलाच झाला, अशी माझी पक्की समजूत होती. शेजारच्या काकूही म्हणत, "जावई आपला, म्हणजे माणूस आपलाच की."

चौकीत तो बाकावर बसला होता, शाळेतल्यासारखे हात गुडघ्यांवर ठेवून. मला पाहून उभा राहिला, तर हवालदारानं "बसा, बसा" म्हणून खूण केली. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्तालयात, परदेशी नागरिकांची नोंद ठेवतात त्या विभागात बोलावलं. तिथले अधिकारी वाईट नव्हते. आवाज न चढवता एकेक विचारत गेले. व्हिसा? नाही. नोकरीची परवानगी? नाही. मुदत संपल्याचं कळवलं होतं? नाही. मी मध्येच म्हणाले, "पण साहेब, आमचं लग्न झालंय, रीतसर."

"लग्न तुमचं आहे बाई," ते म्हणाले. "परवानगी सरकारची असते."

त्यांनी एक कागद दिला, सही घेतली, आणि अमुक मुदतीत देश सोडायचा, तोवर नेमानं हजेरी द्यायची, असं सांगून घरी जाऊ दिलं. बाहेर जिन्यात मी त्याला म्हणाले, "तुला हद्दपार केलं." त्याला तो शब्द येत नव्हता. समजावून सांगायला माझ्याजवळ एकच उदाहरण होतं. आमच्या पेठेतला एक गुंड अधूनमधून तडीपार होत असे. जिल्ह्याबाहेर राहायचा, मुदत संपली की येऊन पुन्हा चौकात उभा राहायचा. मला वाटलं, हे तसंच, फक्त नकाशा मोठा.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे पाठवलं. शिवाजीनगर कोर्टासमोरच्या इमारतीत त्यांची छोटी खोली होती. मी बसायच्या आत बोलायला लागले, "त्याला हद्दपार केलंय."

"कोणी? असं कागदावर लिहिलंय?" त्यांनी हात पुढे केला. कागद वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. "ही हद्दपारी नाही. ही देश सोडण्याची नोटीस आहे."

"शेवट एकच ना? माणूस जातोच."

"जाणं सारखंच आहे. परत येणं सारखं नाही." त्यांनी चष्मा काढला. "नीट ऐका. नोटीस म्हणते, तुम्ही जा. हद्दपारीचा हुकूम म्हणतो, आम्ही नेतो. त्यात अटक आली, खटला आला, येरवडा आलं, आणि मग पोलीस विमानाच्या दारापर्यंत सोडायला येतात. तुमचे यजमान अजून पहिल्या पायरीवर आहेत. नोटिशीची मुदत चुकवली की दुसऱ्या पायरीवर जातील."

"आणि परत कधी येता येईल?"

"ते तिसरंच प्रकरण. त्याला प्रवेशबंदी म्हणा. एक यादी असते, काळी यादी म्हणतात तिला. हद्दपार झालेल्याचं नाव तिच्यात जातं, असंच धरून चाला. स्वतःहून गेलेल्याचंही जाऊ शकतं. पण त्याला नाव काढा म्हणून मागायला तोंड राहतं."

मी विचारलं, तडीपारीसारखी याला वर्षं असतात का. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "तडीपार माणूस आपला असतो. त्याला आज ना उद्या घरी येऊ द्यावंच लागतं, म्हणून त्याला मुदत असते. परक्या माणसाला परत घ्यायचं बंधन कुणावरच नसतं."

माझ्या मांडीवर लेक होती. ती वकीलबाईंच्या टेबलावरची टाचणीची डबी ओढत होती. मी म्हणाले, "ही इथली आहे ना? हिचा बाप परका कसा?" वकीलबाईंनी डबी हळूच बाजूला घेतली. "कोर्टात हे म्हणता येईल. थोडा वेळही मिळेल कदाचित. पण हरलो, तर स्वतःहून जाण्याची वाट तोवर बंद झालेली असेल. निर्णय तुम्ही दोघांनी घ्यायचा."

घरी जाऊन सांगितलं, आणि आमचं लग्नानंतरचं सगळ्यात मोठं भांडण झालं. त्याचा एक देशबांधव हैदराबादेत राहत होता. तो सांगत होता, इकडे ये, इथं कोण कुणाला विचारतं. माझ्या नवऱ्याला ते पटू लागलं होतं. "मुलगी चालायला लागेपर्यंत," तो म्हणाला. "मग जातो." रागावला की त्याचं मराठी तुटायचं आणि हिंदी, अरबी सगळं एकत्र यायचं. "मी चोर आहे का? मग मी का जायचं?"

"चोर नाहीस म्हणूनच तर लपायचं नाही!" मी ओरडले. लेक रडायला लागली. तिला घेऊन तो गच्चीवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

अण्णांना मी काही कळवलं नव्हतं. पण पुण्यात बातमी पोचायला कुणी सांगावं लागत नाही. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात अण्णा, धाप लागलेली, हातात काठी. आमचे तीन जिने चढून पहिल्यांदाच आले होते. आत येऊन खुर्चीवर बसले, घर पाहिलं आणि मला म्हणाले, "काय प्रकरण आहे ते सांग. रडायचं असेल तर आधी रडून घे, मग सांग."

मी सांगितलं. नोटीस, हद्दपारी, काळी यादी, हैदराबाद. मध्ये दोनदा त्यांनी अडवलं. "म्हणजे नोटीस आणि हुकूम वेगळे. बरं. पुढे." नवरा चहा घेऊन आला. अण्णांनी घोट घेतला, "साखर जास्त झालीये" म्हणाले, पण कप संपवला. मग त्याच्याकडे वळून, पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलले.

"हे बघा. तुम्ही पळून गेलात, तर तुम्ही कुठे आहात हे आम्हाला कुणाला विचारताही येणार नाही. सांगून गेलात, तर निदान परत मागता येईल. मी मास्तर माणूस. मागे लागणं मला जमतं."

नवऱ्याला सगळं कळलं की नाही, ठाऊक नाही. पण "मागे लागणं" त्यानं माझ्याकडून ऐकलेलं होतं. त्यानं अण्णांचा रिकामा कप उचलला आणि म्हणाला, "ठीक आहे. जाईन."

त्यानंतर हजेरीला अण्णा त्याच्याबरोबर जाऊ लागले. मी लॅबमधून सुट्टी घेतली की मीही जायची. आयुक्तालयातल्या त्या बोळात लाकडी बाकावर दोघं शेजारी बसलेले असत, अण्णा टोपी मांडीवर ठेवून, आणि हा त्यांच्यापेक्षा हातभर उंच. फार बोलत नसत. एकदा त्या अधिकाऱ्यांनी अण्णांना विचारलं, "आजोबा, आपण यांचे कोण?"

"सासरा."

"म्हणजे हे आपले..."

"जावई," अण्णा म्हणाले. अधिकारी अजून काहीतरी विचारायच्या बेतात होते. अण्णांनी त्यांना थांबवलं. "जावई म्हटल्यावर आपल्याकडे पुढचं विचारत नाहीत."

मी बाकाच्या कडेला बसून हे ऐकलं. तो शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकला नव्हता. नवऱ्यानंही ऐकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त पाय जरा आत घेऊन ताठ बसला.

वकिलातीनं शेवटी एक तात्पुरता प्रवासदाखला दिला. त्यावर एकदाच प्रवास करता येत होता, आणि तोही मायदेशीच. इथून निघायची परवानगी आयुक्तालयातून मिळाली. खटला न भरता जाऊ दिलं, ही त्या अधिकाऱ्यांची मेहेरबानीच म्हणायची. मुंबईला सहारच्या विमानतळावर आम्ही चौघं टॅक्सीनं गेलो. काचेपलीकडे आम्हाला जाता येणार नव्हतं. त्यानं लेकीला माझ्याकडे दिलं, मग वाकून अण्णांच्या पायांना हात लावला. हे कुणी शिकवलं नव्हतं. अण्णा गडबडले. "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडायचं विसरले. मागच्या प्रवाशाची ट्रॉली अडकली तेव्हा कुठे सोडला.

सगळं नियमानं केलं होतं. म्हणून वर्षभरात तो परत येईल, असं मी धरून चालले होते. त्याला नवा पासपोर्ट मिळाला. त्यानं तिथल्या भारतीय वकिलातीत अर्ज केला. बऱ्याच दिवसांनी उत्तर मिळालं, व्हिसा देता येत नाही. कारण दिलेलं नव्हतं. खिडकीतल्या माणसानं एवढंच सांगितलं, की नाव यादीत आहे.

मी तशीच वकीलबाईंकडे गेले आणि बोलू नये ते बोलले. तुम्ही म्हणालात म्हणून गेला, लपून राहिला असता तर आज घरात असता. त्यांनी ऐकून घेतलं. "मी जाण्याची चांगली वाट सांगितली होती," त्या म्हणाल्या. "येण्याची हमी दिली नव्हती. मुदतीनंतर राहिले, परवानगीशिवाय काम केलं, तेवढ्यावरसुद्धा नाव जातं."

"मग शिक्षा किती वर्षांची ते तरी सांगा."

"ही शिक्षा नाही. म्हणूनच वर्षं नाहीत."

हे वाक्य मला समजायला फार वेळ लागला. शिक्षा असती तर निकाल असता, तारीख असती, अपील असतं. इथं ज्याच्याविरुद्ध भांडायचं असा कागदच आमच्या हातात नव्हता. कायदा म्हणजे कोर्ट, काळा कोट, दोन बाजू, अशी माझी कल्पना. प्रवेशबंदीत दुसरी बाजू दिसतच नाही. फक्त विनंती करता येते. "अर्ज करायचा," वकीलबाई म्हणाल्या, "आणि करत राहायचा."

अण्णांनी ते काम घेतलं. ते मराठीत लिहीत, वकीलबाई त्याचं कायद्याच्या इंग्रजीत रूपांतर करत. एका अर्जात त्यांनी लिहिलं होतं: "अर्जदाराचा जावई सांगितल्याप्रमाणे, सांगितलेल्या मुदतीत देशाबाहेर गेला. सांगितलेले ऐकणाऱ्यास बाहेर ठेवावयाचे, तर इतरांनी यातून काय बोध घ्यावा, हे कळवावे." वकीलबाईंनी दुसरं वाक्य काढून टाकलं. अण्णा संध्याकाळभर चिडले होते. "तेच तर वाक्य होतं. पहिलं त्यांना माहीतच आहे."

आठवड्याला मी लेकीला घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये जायची. काचेच्या खोक्यात आम्ही दोघी, समोर बिलाचे लाल आकडे पळत असायचे. ती आधी नुसतंच "बाबा" म्हणायची, नंतर बडबडगीतं म्हणून दाखवायला लागली. तो तिकडून त्याच्या मोडक्या मराठीत "पुढे चला, पुढे चला" म्हणायचा आणि ती हसायची.

एकदा मी तिला घेऊन त्याच्याकडे जाऊनही आले. नाईलच्या दोन धारा जिथं मिळतात तिथं त्यानं आम्हाला नेलं. त्याच्या आईनं माझा हात धरला आणि मी होते तितके दिवस जवळजवळ सोडलाच नाही. आमची भाषा एक नव्हती. पोचल्यावर लगेच मला तिथल्या पोलिसांकडे नोंद करावी लागली. खिडकीतल्या कारकुनानं पासपोर्ट उलटून पाहिला आणि विचारलं, परत कधी जाणार? नवऱ्यानं भाषांतर केलं. प्रश्न साधाच होता, कारकूनही सौजन्यानं बोलत होता. तरी मी उत्तर द्यायचं सोडून नवऱ्याकडे पाहिलं. पुण्यात इतकी वर्षं हा प्रश्न त्याला किती जणांनी विचारला असेल, आणि मी शेजारी उभी असूनही तो मला कधी ऐकू आला नव्हता. तिथं राहून जावं असं मनात आलं. पण इकडे अण्णांची तब्येत उतरू लागली होती, आणि त्यांना माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

अण्णा पुढच्या हिवाळ्यात गेले. छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात नेलं, आणि दोन दिवसांत संपलं. वैकुंठ स्मशानभूमीत चुलतभावानं अग्नी दिला. गुरुजींनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "जावई कुठं आहेत?"

"त्यांना प्रवेशबंदी आहे," मी म्हणाले.

गुरुजींना काही कळलं नाही. नातेवाइकांतले निम्मे लोक माझ्याकडे बघू लागले. चुलत काकूंना वाटलं, कसलं तरी सोवळं असेल. समजावून सांगायचं बळ माझ्यात नव्हतं. संध्याकाळी बूथवरून त्याला फोन केला. अग्नी कुणी दिला, ते त्यानं विचारलं. मग तो म्हणाला, "मी तिथं पाहिजे होतो."

यादीतून नाव निघाल्याचं कळलं तेव्हा अण्णांना जाऊन काही महिने झाले होते. वकीलबाईंनीच लॅबमध्ये फोन केला. अर्जांपैकी नेमका कुठला लागू पडला, हे त्यांनाही सांगता येईना. आयुक्तालयाकडून शेरा मागवला होता, तो चांगला होता, एवढं त्यांना कळलं होतं: खटला नाही, हद्दपारी नाही, नोटीस पाळून स्वतः गेले. "म्हटलं होतं ना, मागायला तोंड राहतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. "तुमच्या वडिलांना कळायला हवं होतं हो."

तो आला तेव्हा लेक दुसरीत होती. विमानतळावर ती माझ्यामागे उभी राहिली. टॅक्सीत त्याच्या शेजारी बसली आणि घाट चढेपर्यंत बाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिनं ट्रेमध्ये पाण्याचा पेला ठेवून आणला आणि विचारलं, "तुम्ही पाणी घेणार का?"

फोनवर ती त्याला अरेतुरे करायची. समोर आलेल्या उंच, पिकल्या केसांच्या माणसाला ती "तुम्ही" म्हणाली. त्याला मराठी तेवढं नक्की येत होतं. त्यानं पेला घेतला, "हो, चालेल" म्हणाला, आणि पाणी संपेपर्यंत वर पाहिलं नाही. प्रवेशबंदीनं आमच्याकडून काय नेलं, हे मला त्या पाण्याच्या पेल्यापाशी कळलं. ते कुठल्याही अर्जात लिहिता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नोंदणीला त्याच बोळात गेलो. अधिकारी बदलले होते, बाक तोच होता. पुढेही तो दर वर्षी जात राहिला, मुदत संपायच्या कितीतरी आधी. परदेशी नवरे असलेल्या दोन-चार बायका नंतरच्या वर्षांत माझ्याकडे येऊन गेल्या. रडत येतात आणि सगळ्याच म्हणतात, हद्दपार केलं. मी त्यांना पाणी देते आणि म्हणते, कागद दाखवा, नेमका शब्द काय आहे ते बघू.

लेकीचं "तुम्ही" पावसाळा सरेपर्यंत टिकलं. मी तिला कधी काही सांगितलं नाही, त्यानंही नाही. एका संध्याकाळी दोघं सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्या सायकलची चेन बसवत होते. मी वर गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. त्याचे हात ग्रीसनं माखलेले, आणि चेन काही बसत नव्हती. तिचा धीर सुटला. "अरे, असं नाही बाबा! तू सोड, मी दाखवते."

त्यानं चेन सोडली आणि बाजूला सरकून तिला जागा दिली.